शेवटच्या फेरीची तिकिटं

क्लाइपेदाच्या धक्क्यावर मी फेरीबोटीचे दोर बांधतो,
एकोणीस वर्षं झाली.
दोराला काय कळतं माणसातलं,
पण तिकीटखिडकी माझ्या खुंट्यापासून सात पावलांवर,
म्हणून डांगुओले मला माहीत आहे,
तिच्या नकळत, थोडीफार.

तिच्या वरच्या ओठावर लहानपणची शिवण आहे,
नाकापर्यंत गेलेली, बारीक, पांढरी.
बोलताना तिचा डावा हात आपसूक वर येतो,
शिंक आल्यासारखा,
आणि शब्द बोटांच्या फटीत अडकतात.
मग काचेपलीकडून कुणीतरी विचारतं, "काय?"

अर्ध्या घासाएवढा शब्द.
वारा असतो, इंजिन धडधडतं, कुरव पक्षी कलकलतात,
माणूस म्हणतो, काय.
तिला ऐकू येतं: काय हे तोंड!
मग ती तोडून टाकते,
"एक जाण्याचं. सुटे द्या."
आणि धक्काभर होतं, की ही बाई खाष्ट आहे.

हिवाळ्यात चारलाच अंधारतं इथे.
खिडकीत दिवा लागतो, काचेचा आरसा होतो.
समोर कुणीही येवो,
झोपाळलेली नर्स, माशांची पाटी घेतलेला पोरगा,
डांगुओलेला दिसते डांगुओलेच,
गिऱ्हाइकाच्या कोटावर चिकटवल्यासारखी,
तोच ओठ, तोच वर येणारा हात.
संध्याकाळभर ती स्वतःलाच तिकिटं विकते
आणि स्वतःवरच खेकसते.

पोविलास म्हणून एक म्हातारा,
रोज पावणेसातला, पलीकडच्या वाळूपट्टीवर घरी जाणारा.
दोन-तीनदा विचारल्याशिवाय त्याचं भागत नाही.
"नजर हलवत नाही मेला," ती मला म्हणाली,
"ओठ बघायला येतो."
मी विनोद केला. मी नेहमीच करतो.
शांतता पडली की मला वाटतं लोक मला तोलतायत.
म्हणजे माझी खिडकी वेगळी, दिवा तोच.

जानेवारीत एकदा बल्ब गेला.
मी विजेरी घेऊन दाराशी उभा, आणि म्हातारा आला.
धक्क्यावरच्या खांबाचा पिवळा उजेड
तिच्या चेहऱ्यावर होता,
आणि काच, बऱ्याच महिन्यांनी, नुसती काच होती.
तिला टोपीखालचं यंत्र दिसलं, कानामागचं,
आणि त्याचे डोळे,
पहिलं पुस्तक लावून वाचणाऱ्या मुलासारखे
तिच्या तोंडावर.

बहिऱ्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात तो म्हणाला,
"हात काढा ना, बाई.
मला ओठ वाचता येतात. हात नाही येत."

माझ्या जिभेवर एक विनोद आला होता.
गिळला.

तिने हात खाली घेतला, सुट्या नाण्यांच्या ताटलीत ठेवला,
तापल्या तव्यावर ठेवावा तसा.
"शेवटची फेरी सातला."
"सातला," तो म्हणाला. पैसे दिले. गेला.
एवढंच.
एकदाच विचारून, एकदाच सांगून.

दुसऱ्या दिवशी नवा बल्ब आला,
आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला हात पुन्हा वर गेला.
जाणारच. ओला दोर सुकला की गाठ आणखी आवळते,
हे मला कुणी सांगायला नको.
पण हल्ली साडेसहाच्या सुमारास
ती लोकरी हातमोजा घालते
आणि गरम बल्बला अर्धा पीळ देते.
कंपनीच्या वहीत नोंद आहे:
खिडकी क्रमांक दोन, दिवा वारंवार बंद.
वायरमन दोनदा येऊन गेला. त्याला काही सापडलं नाही.

काल मी तिच्या खिडकीशी थांबलो,
विनोद न घेता, रिकाम्या हातांनी.
म्हटलं, थंडी फार आहे. आवाज जरा पडलाच माझा.
"काय?" ती म्हणाली.
मला वाटलं, चुकलं, कशाला बोललो,
सात पावलं मागे जावं.

मग पुन्हा म्हटलं,
थंडी फार आहे.